१७१५ पक्कं करा: स्पेक्ट्रोस्कोपीचे आकडे पाठ करताना

ऑर्गॅनिकच्या पेपरसाठी आयआरचा (इन्फ्रारेड, म्हणजे कुठला बंध कुठल्या आकड्याला प्रकाश शोषतो त्याचा) तक्ता वरपासून खालपर्यंत घोकला की आयत्या वेळी १७१० आणि १७४० यांची हमखास गल्लत होते. म्हणून मी एकच आकडा पक्का केला: साध्या कीटोनचा कार्बोनिल (सी=ओ गट), १७१५ सेमी⁻¹. बाकीचे त्यावरून कारणासकट काढत गेलो. शेजारी डबल बाँड किंवा बेंझिन रिंग असेल तर २० ते ३० ने खाली, कारण कॉन्जुगेशनमुळे (शेजारच्या दुहेरी बंधांत इलेक्ट्रॉन वाटले गेल्यामुळे) सी=ओ चं दुहेरीपण कमी होतं. एस्टरमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून १७४०. अमाइडमध्ये नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी देतो, म्हणून १६५० ते १६८०. कीटोनचा कार्बोनिल रिंगमध्येच असेल तर रिंग लहान होईल तसा आकडा चढतो: सहाची १७१५, पाचाची १७४५, चाराची १७८०. खरी गोची इथेच आहे. १७४५ दिसलं की मुलं एस्टर लिहून मोकळी होतात. पण एस्टरला दोन ऑक्सिजन लागतात; रेणुसूत्रात ऑक्सिजन एकच असेल तर एस्टर येईल कुठून?

आल्डिहाइडसाठी २७२० चा छोटा पट्टा शोधायचा. त्याचा २८२० चा जोडीदार बऱ्याचदा सी–एचच्या गर्दीत बुडतो.

प्रोटॉन एनएमआरला (हायड्रोजन कशाच्या शेजारी आहे ते सांगणारी पद्धत) मैलाचे दगड पुरतात: साधा मिथाइल ०.९, कार्बोनिललगतचा २.१, ऑक्सिजनलगतचा ३.३ ते ३.९, अल्कीन ५ ते ६, बेंझिन ७.३, आल्डिहाइड ९.७ पीपीएम. ओएचचा आकडा पाठ करूच नये, तो कॉन्सन्ट्रेशननुसार सरकतो. डी₂ओ (जड पाणी) घातल्यावर जातो एवढं पुरे.

रोज पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ४००० ते ६०० ची रेघ ओढायची आणि पट्टे भरायचे. त्यानंतर लगेच एक गणित सोडवायचंच, नाहीतर आकडे टिकत नाहीत.

उदाहरणार्थ सी₈एच₈ओ₂. अनसॅच्युरेशन (रिंग आणि दुहेरी बंध मिळून संख्या) ५: रिंगचे ४, कार्बोनिलचा १. आयआर १७२०, म्हणजे वरवर कीटोन. पण ३.९ ला तीन प्रोटॉनचा सिंगलेट (न फुटलेलं एकच शिखर) आहे, म्हणजे ओसीएच₃, ७.४ ते ८.० मध्ये पाच प्रोटॉन. १७४० चा एस्टर रिंगला जोडल्यामुळे २० ने उतरलाय. शंका उरलीच तर कार्बन एनएमआर बघा: कार्बोनिल १६७ ला आहे. रिंगलगतचा कीटोन असता तर तो १९५ च्या पुढे दिसला असता. उत्तर मिथाइल बेंझोएट. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूच्या तुकड्यांची वजनं दाखवणारा आलेख) १०५ आणि ७७ ही दोन्ही शिखरं त्याला दुजोरा देतात.