मॅक्रो फोटो शार्प का येत नाही?

फोटो कॉम्प्युटरवर उघडायचा, शंभर टक्के मोठा करायचा आणि डिलीट करण्याआधी त्यातला धूसरपणा नीट न्याहाळायचा. मॅक्रोत, म्हणजे किडे-फुलं अगदी जवळून मोठी टिपताना, फोटो बहुतेक वेळा तीनच कारणांनी बिघडतो आणि तिघांचा चेहरा वेगळा असतो. माशीच्या अंगावरचा एकेक केस दुहेरी दिसतोय किंवा सगळा तपशील एकाच दिशेला ओढल्यासारखा वाटतोय, तर काहीतरी हललं. डोळा धूसर, पण मागचा पंखाचा सांधा लख्ख, तर फोकस भलतीकडे बसला. कुठेच काही लख्ख नाही, हललेलंही दिसत नाही, नुसता सगळ्या फोटोवर सायीसारखा मऊपणा, तर ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक; एफ/८, एफ/१६ असं लिहितात, आकडा मोठा तितकं भोक लहान) गरजेपेक्षा जास्त बंद केलं. लोक मात्र पहिला संशय लेन्सवर घेतात. खऱ्या मॅक्रो लेन्स मुळात इतक्या शार्प असतात की तो संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

खरी मॅक्रो म्हणजे १:१ पर्यंत जाणारी. ८ मि.मी.ची माशी सेन्सरवरही ८ मि.मी.चीच उमटते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मि.मी. रुंद, म्हणजे तिने चौकटीचा पाव भागही व्यापला नाही. कित्येक झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असं छापलेलं असतं, पण त्या १:३ किंवा १:४ च्या पुढे जात नाहीत. आणि निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना ‘मायक्रो’ म्हणतं, त्यावरून गोंधळ नको, वस्तू तीच.

फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मि.मी.चा आकडा) मुख्यतः किड्यापासूनचं अंतर बदलतं. लेन्सवर लिहिलेलं सर्वांत कमी फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या तोंडापासून नाही. १०० मि.मी.च्या लेन्सवर ३० सें.मी. लिहिलं असलं तरी कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा जाता १:१ ला किडा तोंडापासून जेमतेम १३-१५ सें.मी.वर येतो. ६० मि.मी.ला हेच अंतर बोटभर उरतं आणि लेन्सची सावली किड्यावर पडते. १:१ ला हूड (लेन्सच्या तोंडावर बसवायची कड) काढूनच ठेवा. तो उरलेल्या अंतरातला मोठा घास खातो आणि प्रकाशही अडवतो. एकच लेन्स घ्यायची तर ९० ते १०५ मधली घ्यावी. १८० मि.मी. चतुर आणि फुलपाखरांना उत्तम, पण हातात धरून दमवते.

आता खरी मेख. फुल फ्रेमवर १:१ ला एफ/८ ठेवलं तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणाऱ्या पट्टीची खोली, साधारण १ मि.मी. मिळते. पुढून मागेपर्यंत मिळून एवढीच. एफ/१६ केलं तरी २ मि.मी.च्या आतच. थोडं मागे सरकून १:२ वर आलं की एफ/८ लाच जवळपास ३ मि.मी. मिळते. म्हणजे मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट, ते) निम्मं केलं तर तिप्पट खोली, ॲपर्चर दोन स्टॉप (एफ/८ वरून एफ/१६) बंद केलं तर फक्त दुप्पट. मागे सरकून नंतर क्रॉप करणं ही पळवाट नव्हे, हिशेबाने केलेली निवड आहे. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा किंवा त्याहून मोठा असेल तर खुशाल करावी.

पण मग एफ/२२ का नको? कारण १:१ ला लेन्स सेन्सरपासून जणू दुप्पट लांब गेलेली असते आणि कॅमेऱ्यावर दिसणारा आकडा खरा राहत नाही. ढोबळ हिशेब असा: आकड्याला ‘१ अधिक मॅग्निफिकेशन’ने गुणायचं. १:१ ला एफ/८ चं होतं एफ/१६, एफ/११ चं एफ/२२ आणि एफ/२२ चं एफ/४४. एवढ्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि एका बिंदूचा ठिपका होतो. एफ/४४ ला तो ठिपका सुमारे ०.०६ मि.मी. रुंद असतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मि.मी.चा, म्हणजे एक बिंदू दहा पिक्सेलवर फासला गेला. हाच तो सायीसारखा मऊपणा. निकॉनचे कॅमेरे जवळ गेल्यावर बदललेला आकडा दाखवतात, कॅनन लेन्सचा मूळ आकडाच दाखवतं. दोघांच्या सेटिंगची तुलना करताना बऱ्याच वादांचं मूळ इथेच असतं.

म्हणून १:१ ला एफ/८ ते एफ/११ हा मुक्कामाचा पट्टा. १:२ च्या आसपास एफ/११, फार तर एफ/१६. एफ/११ चा हलका मऊपणा नंतर शार्पनिंगने बराच भरून निघतो. फोकस चुकलेला डोळा मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. दोन्हींतलं एक पत्करायचं असेल तर मऊपणा पत्करावा.

ती १ मि.मी.ची पट्टी कशावर बसवायची, हा यापुढचा प्रश्न, आणि इथे उपकरणापेक्षा कोन जास्त कामाचा. टाचणीचा (चतुरासारखा बारीक, सडपातळ किडा) फोटो समोरून घेतला तर डोळे शार्प आणि मागचं शरीर धुक्यात. तीच बाजूने, शरीराला सेन्सर अगदी समांतर ठेवून घेतली तर एफ/८ लाही डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळं सापडतं. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचं तसंच: कॅमेरा चार-पाच अंशांनी तिरपा झाला तरी पंखाची एक कड हातची जाते. कॅमेऱ्याच्या डोक्यावरून खाली बघा. कॅमेऱ्याची पाठ आणि पंख या दोन समांतर रेषा दिसल्या पाहिजेत.

फोकस मॅन्युअलच. ऑटोफोकस १:१ ला पुढेमागे घरघरत बसतो, आणि घाईत पापुद्र्यासारख्या पंखाऐवजी मागचं पान पकडतो. आधी हवं ते मॅग्निफिकेशन रिंगवर लावून टाका. त्यानंतर रिंगला हात लावायचा नाही, फोकससाठी अख्खा कॅमेरा सरकवायचा. ट्रायपॉडवर असाल तर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून फोकसिंग रेलने (कॅमेरा बारीक-बारीक पुढेमागे सरकवणारा स्लायडर) सरका. हातात असेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, डाव्या हाताची करंगळी किंवा मनगट जमिनीला, फांदीला, कशालातरी टेकवा, आणि कंबरेतून अगदी सावकाश पुढे झुकत तीन ते पाच फ्रेम सलग सोडा. डोळा शार्प दिसला की मग बटण दाबू, असं म्हणाल तर तोवर तुम्ही पट्टीच्या पलीकडे गेलेले असता. पट्टी डोळ्यापर्यंत पोचायच्या किंचित आधीच दाबायला सुरुवात करायची.

आता हलण्याबद्दल. ‘१ भागिले फोकल लेंग्थ’ हा शटर स्पीडचा नियम इथे विसरा. १:१ ला कॅमेरा बाजूला ०.१ मि.मी. सरकला तर सेन्सरवरची प्रतिमाही ०.१ मि.मी. सरकते, म्हणजे सुमारे सतरा पिक्सेल. श्वास सोडतानाच एवढं होतं. स्टॅबिलायझेशन मुख्यतः कॅमेरा वाकण्यावर, म्हणजे कोनावर काम करतं. जवळून मात्र त्रास बाजूला सरकण्याचा असतो, म्हणून लेन्सच्या खोक्यावरचे चार-पाच स्टॉप १:१ ला मिळत नाहीत. नैसर्गिक प्रकाशात हातात धरून १/२५० च्या खाली उतरू नये. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

ट्रायपॉडवर मधला दांडा खालीच ठेवा, टायमर २ सेकंदांवर, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरची पहिली हालचाल धक्क्याविना करणारी सोय) चालू. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू. साधारण १/६० ते १/२ सेकंद या टप्प्यात आरशाचा आणि शटरचा धक्का सर्वांत जास्त जाणवतो. फुलाचा देठ वाऱ्याने डोलत असेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. काठीला कपड्यांचा चिमटा बांधून देठ फुलाच्या खाली बोटभर अंतरावर धरून ठेवा.

किड्यांसाठी खरा उपाय फ्लॅश. एफ/११, आयएसओ २००, १/२०० सेकंद लावा आणि आधी फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम घ्या. ती जवळजवळ काळी आली पाहिजे. काळी आली याचा अर्थ आजूबाजूच्या प्रकाशाला चित्रात भाग नाही. आता फोटो शटर नाही, फ्लॅशची चमक काढते, आणि कमी पॉवरवर ती चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात आटोपते. ही फ्रेम काळी न येता अर्धवट उजळ आली तर फ्लॅशच्या लख्ख कडेला एक भुताटकी कड चिकटते. वर सांगितलेला दुहेरी केस पुष्कळदा इथूनच येतो. फ्लॅश फुल पॉवरवर नको: चमक लांबते आणि पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागतो. १/८ ते १/३२ वर भागावं इतका तो किड्याजवळ आणा.

डिफ्युझरचं एकच तत्त्व: किड्याच्या नजरेने तो मोठा दिसला पाहिजे. फ्लॅशवर अडकवलेली छोटी पांढरी टोपी काही करत नाही. लेन्सच्या टोकावरून पुढे झुकणारी, वहीच्या पानाएवढी पातळ दुधी प्लॅस्टिकची कमान किड्यापासून ५-७ सें.मी.वर आली की ढालकिड्याच्या पाठीवरचा पांढरा डाग पसरून मऊ होतो आणि खालचे खड्डे, रेषा दिसायला लागतात. डागात हरवलेला तपशील कितीही शार्प असला तरी दिसत नाही, त्यामुळे प्रकाश हाही शार्पनेसचाच भाग. मागचं सगळं काळं येत असेल तर किड्यामागे वीतभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन शोधा.

एका फ्रेममध्ये मावतच नसेल तर फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेल्या फ्रेम जोडून एक चित्र करणं. इथे ॲपर्चर उलट उघडायचं, एफ/५.६ ठीक. १:१ ला खोली सुमारे ०.६५ मि.मी. मिळते, प्रत्येक पाऊल तिच्या निम्म्याने, म्हणजे ०.३ मि.मी. ५ मि.मी. खोलीच्या किड्याला सतरा-अठरा फ्रेम झाल्या. पावलं मोठी पडली तर चित्रात शार्प-धूसर-शार्प असे पट्टे येतात आणि ते नंतर दुरुस्त होत नाहीत. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पहिली फ्रेम सर्वांत पुढच्या टोकाच्याही थोडी आधी. कॅमेऱ्यातल्या फोकस ब्रॅकेटिंगची (फोकस आपोआप सरकवत फ्रेम घेण्याची सोय) पावलं मिलिमीटरमध्ये नसतात, म्हणून एकदा तिरप्या ठेवलेल्या फूटपट्टीवर चाचणी घेऊन आपल्या लेन्सचा आकडा काढून ठेवा. जोडायला झेरीन स्टॅकर, हेलिकॉन फोकस किंवा फोटोशॉप. एकमेकांवरून जाणारे केस आणि मिशा असतील तर झेरीनमधली पीमॅक्स पद्धत त्या जास्त चांगल्या सोडवते, बदल्यात दाणे वाढवते. जिवंत किडा हवा असेल तर भल्या पहाटे; थंडीत तो गारठलेला असतो आणि मिशी हलवायलाही वेळ घेतो.

एवढं करूनही फोटो मऊच आला तर मग लेन्सकडे वळा. आधी पुढची काच बघा, बोटाचा ठसा आणि स्वस्त फिल्टर दोन्ही काढा. बारीक छपाईचा कागद भिंतीला सपाट चिकटवा, ट्रायपॉड, एफ/८, कॅमेरा समांतर, १:२. मधला भाग आणि चारही कोपरे तपासा. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर लेन्स ठीक आहे. डावी बाजू लख्ख आणि उजवी विरघळलेली असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्या. विरघळलेली बाजू फोटोत उजवीकडेच राहिली तर आतलं एखादं भिंग सरकलेलं आहे आणि लेन्स सर्व्हिसला द्यायची. डावीकडे गेली, तर तुमचा कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता.