आमची वाटचाल : फिल्मवरचे आकाश स्कॅन करताना

आमच्या व्यवसायाची सुरुवात कौटुंबिक छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करून देण्यापासून झाली. त्या कामाला स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित सोयी पुरेशा होत्या. धूळ आपोआप पुसली जाई, उडालेले रंग आपोआप सावरत आणि फ्रेमच्या कडा यंत्र स्वतःच शोधून काढी. हौशी आकाशनिरीक्षक आपापल्या फिल्म घेऊन येऊ लागले, तेव्हा यातली प्रत्येक सोय अडचणीची ठरू लागली. आज आमच्या कामाचा मोठा भाग आकाशाच्या छायाचित्रांचा आहे आणि या कामात आम्ही या सर्व सोयी बंद ठेवतो.

फ्रेमच्या कडांचेच पाहा. आकाशाच्या स्लाइडवर पार्श्वभूमी काळी असते आणि दोन फ्रेममधली पट्टीही काळीच असते, त्यामुळे फ्रेम कुठे संपली हे यंत्राला कळत नाही आणि ते चित्र मधूनच तोडते. फिल्म धुणाऱ्या लॅबमध्येही असे घडे, म्हणून जाणते निरीक्षक रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी एखाद्या साध्या दृश्यावर खर्च करत. अशी फ्रेम आली की आम्हीही तिच्यावरून पुढच्या फ्रेमचे अंतर मोजून कडा हाताने ठरवतो.

धुळीचा प्रश्न याहून पुष्कळ गंभीर आहे. निगेटिव्हवर तारा म्हणजे गडद ठिपका, आणि धुळीचा कणही प्रकाश अडवतो म्हणून गडदच दिसतो. चित्र पॉझिटिव्ह केले की दोन्ही पांढरे ठिपके होतात. केवळ आकारावरून धूळ ओळखणारे सॉफ्टवेअर लहान, सुटे, पार्श्वभूमीपेक्षा वेगळे ठिपके शोधते, आणि ताऱ्यांचे वर्णन नेमके तेच असल्यामुळे ते मंद तारे सरसकट पुसून टाकते. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाने धूळ शोधण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे, कारण बहुतेक रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये अवरक्त प्रकाश जाऊ देतात आणि धूळ तो अडवते. परंतु पारंपरिक कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या कणांची असते, आणि चांदीही अवरक्त प्रकाश अडवते. तिथे ही सोय चालू ठेवली तर यंत्राच्या लेखी ताराही धूळच ठरतो.

एका निरीक्षकांनी एका सर्पिल दीर्घिकेची कृष्णधवल निगेटिव्ह आणली होती. तिच्या भुजेलगत एक ठळक ठिपका होता आणि तो अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा, असावा अशी त्यांना आशा होती. आम्ही निगेटिव्ह हवेच्या हलक्या फवाऱ्याने साफ करून स्कॅन केली, मग १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन केली. ठिपका दोन्ही वेळा दीर्घिकेच्या त्याच जागी आला, म्हणजे तो काचेवरचा किंवा संवेदकाचा दोष नव्हता. मग भिंगाखाली पाहिले. शेजारच्या ताऱ्यांच्या कडा ग्रेनमध्ये, म्हणजे फिल्मच्या बारीक कणांत, हळूहळू विरत होत्या, तर या ठिपक्याची एक बाजू कापल्यासारखी सरळ होती. त्याच रात्रीची दुसरी निगेटिव्ह त्यांच्या संग्रहात निघाली आणि तिच्यावर त्या जागी काहीच नव्हते. फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरातच, म्हणजे इमल्शनमध्येच, रुतलेला तो कण होता. हे सांगणे आम्हाला जड गेले, पण तेव्हापासून शंकास्पद ठिपका आम्ही स्वतःहून कधीही पुसत नाही. त्यावर खूण करून मूळ स्कॅन जशाच्या तशा देतो.

आकाशाच्या चित्रात दोष इतके उठून दिसण्याचे कारण असे की तेजोमेघाचा किंवा धूमकेतूच्या शेपटीचा अत्यंत मंद भाग वर आणण्यासाठी चित्राचा कॉन्ट्रास्ट फार ताणावा लागतो, आणि त्याबरोबर यंत्राचे सारे दोषही ताणले जातात. १९९७ सालच्या हेल-बॉप धूमकेतूच्या स्लाइड आमच्याकडे नेहमी येतात. त्याची धुळीची पिवळसर-पांढरी शेपटी कोणताही स्कॅनर टिपतो, परंतु विद्युतभारित वायूची निळसर आयन-शेपटी पार्श्वभूमीपेक्षा किंचितच उजळ असते. स्लाइडची घनता (प्रकाश अडवण्याचे माप) ३ असलेल्या जागेतून प्रकाशाचा एक हजारांश भागच पलीकडे जातो, आणि एवढ्या थोड्या प्रकाशात संवेदकाचा स्वतःचा नॉइज, म्हणजे मोजणीतला अनियमित गोंधळ, त्या शेपटीच्या बरोबरीला येतो. म्हणून आम्ही प्रत्येक रेषा सोळा वेळा वाचून सरासरी घेतो. अशा सरासरीत नॉइज वाचनांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे सोळा वाचनांनी तो चौथाईवर येतो. एका फ्रेमला फार वेळ लागतो, पण आयन-शेपटी हाती लागते.

चित्रभर पसरणाऱ्या सरळ रेघांनी आम्हाला सर्वाधिक काळ झुंजवले. स्कॅनरचा संवेदक म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या घटकांची एक ओळ असते आणि ती फिल्मवरून सरकते. एखादा घटक किंचित कमी-जास्त मोजू लागला की सरकण्याच्या दिशेने अखंड रेघ उमटते. फ्लॅटबेड स्कॅनर स्कॅनच्या आरंभी एका मोकळ्या खिडकीतून प्रकाश पाहून प्रत्येक घटकाची तुलना जुळवून घेतो, आणि त्या खिडकीवर धुळीचा एकच कण असला तरी पुढच्या संपूर्ण स्कॅनमध्ये रेघ येते. त्यामुळे ती खिडकी पुसणे हे आमच्याकडे दिवसाचे पहिले काम आहे. तरीही रेघ आली तर फिल्म काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन करतो. रेघ चित्राबरोबर फिरली तर तो फिल्मवरचा ओरखडा असतो, आणि यंत्राच्याच दिशेने राहिली तर दोष यंत्राचा असतो.

न्यूटनची वलये हा दुसरा हटवादी दोष. फिल्मची गुळगुळीत बाजू काचेला जवळजवळ टेकली की मधल्या हवेच्या पातळ थरात प्रकाशाचे व्यतिकरण होऊन इंद्रधनुषी वलये उमटतात आणि आकाशाच्या एकसारख्या पार्श्वभूमीवर ती लपत नाहीत. इमल्शनची बाजू तुलनेने कमी चकचकीत असते, म्हणून तीच काचेकडे ठेवून चित्र नंतर संगणकावर उलटवणे हा आम्हाला मानवलेला उपाय आहे. काच काढून टाकली तर फिल्म मध्ये फुगते आणि कडेचे तारे धूसर होतात, त्यामुळे तो मार्ग आम्ही सोडला.

या कामात मोठ्या संग्रहांकडून आम्ही एक शिस्त उचलली. हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाची छायाचित्रे असलेल्या पाच लाखांहून अधिक काचपट्ट्यांचा संग्रह आहे आणि त्यांतल्या अनेकींवर तिथल्या महिला गणकांनी (हाताने आकडेमोड करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी) शाईने केलेल्या खुणा होत्या. स्कॅनिंगसाठी काच साफ करण्यापूर्वी त्या खुणांची छायाचित्रे घेण्यात आली. आम्हीही निगेटिव्हचे पाकीट, त्यावरचे हस्ताक्षर आणि फ्रेमवरच्या खुणा यांचे छायाचित्र आधी घेतो, कारण कित्येकदा एक्स्पोजरची वेळ आणि फिल्मचे नाव फक्त तिथेच लिहिलेले असते.

चांगल्या फिल्म स्कॅनरपैकी बरेचसे आता बनत नाहीत आणि सुटे भाग मिळणे अवघड झाले आहे. म्हणून अलीकडे आम्ही मॅक्रो लेन्स लावलेला डिजिटल कॅमेरा आणि सपाट प्रकाशपट यांचा वापर करू लागलो आहोत. यात रेघांचा प्रश्न उरत नाही, मात्र कडांकडे उजेड कमी होतो. त्यासाठी फिल्म न ठेवता एक चित्र घेऊन मूळ चित्राला त्याने भागावे लागते. ४००० डीपीआयच्या (एका इंचात ४००० बिंदूंच्या) स्कॅनमध्ये एक पिक्सेल फिल्मवरील सुमारे ६.३५ मायक्रॉन एवढा असतो. कॅमेऱ्याने ती बारकाई गाठता येते, पण घनदाट स्लाइडसाठी आमचा जुना स्कॅनरच अजून सरस ठरतो.

ज्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला आहे, त्यांचे काम आम्ही रांग मोडून आधी घेतो, कारण तिचा पाया आकसला की इमल्शन सुटू लागते. फिल्म आमच्याकडे देताना ती घरी कापडाने पुसू नये, त्याच रात्रीच्या इतर फ्रेम निरुपयोगी वाटल्या तरी सोबत द्याव्यात आणि निरीक्षणाची वही असल्यास तिचीही प्रत जोडावी, एवढी विनंती आहे.