मेसेज डिलीट केला तर का केला तेही सांगा

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच वाद झाला, ॲडमिनने लोकांचे मेसेज उडवावेत का नाही. ॲडमिन मीच, आणि तिथे उत्तर द्यायला गेलं की पाच मिनिटांत त्याच्यावर वीस मेसेज चढतात, मूळ मुद्दा वर कुठेतरी राहून जातो, म्हणून इथे नीट लिहितेय.

ग्रुप नाशिकच्या पंचवटीतला. जुने वाडे आणि वाडे पाडून झालेल्या बिल्डिंगी अशी आमची गल्ली. सुरुवात झाली ती घंटागाडीसाठी, गाडी आली का, गेली का, बास. मग नळाला पाणी, लाइट कधी येणार, कोणाची तरी किल्ली सापडली, आणि मग हळूहळू सकाळची फुलं, देवाचे फोटो, राजकारण, आणि राजकारण आलं की भांडणं.

तेव्हा ॲडमिन एक काका होते, मनाने अगदी चांगले, ग्रुप त्यांनीच काढलेला. २०१९ च्या जुलैत कुठल्यातरी पक्षावरून दोन जणांचं इतकं जुंपलं की एकमेकांच्या बापापर्यंत गेले. काका वैतागले आणि त्यांनी ते सेटिंग लावलं, फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकणार. पंधरा दिवस एकदम शांतता. सगळे म्हणाले बरं झालं, मीही म्हणाले.

मग ४ ऑगस्ट आला, रविवार. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवत नेला आणि गंगेला मोठा पूर आला (बाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). आता नाशिकमध्ये पुराचं माप म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, असंच लोक बोलतात. किती क्युसेक सोडलं ते बातम्यांमध्ये येतं पण सराफ बाजार भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायचा का नाही ते मारुतीकडे बघून ठरवतात. म्हणजे त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाची माहिती कोणाकडे होती, तर ज्याच्या खिडकीतून घाट दिसतो त्याच्याकडे. आणि असे आमच्या ग्रुपवर निदान दहा-बारा जण होते. पण लिहिता कोणालाच येत नव्हतं! काका मुलीकडे पुण्याला गेलेले, फोन लागेना.

माझ्या मामाचं भांडी बाजारात दुकान आहे. आमच्याच गल्लीतल्या एकाने पाणी चढताना बघितलं होतं, त्याच्याकडे मामाचा नंबर नव्हता, त्याने दोघातिघांना फोन केले, त्यांनी अजून कोणाला केले, मामाला कळेपर्यंत तिकडे जाताच येत नव्हतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे साफ करायला गेलो तर खालच्या दोन फळ्यांवरचे तांबे, परात, घंगाळी सगळी चिखलाने भरलेली. भांडी घासून निघाली हो. पण उधारीच्या वह्या होत्या लाल कापडाच्या, त्या उघडायला गेलं की पानं पानाला चिकटून हातात लगदाच यायचा. मामा एकेक पान पंख्याखाली वाळवत बसला होता, शाई सगळी पसरून गेलेली तरी.

आता दुसरी बाजू, त्याच दिवसाचीच. आमच्या नातेवाइकांचा एक मोठा ग्रुप आहे, तिथे कोणाचं कोणाला काही बंधन नाही, कोणीही काहीही टाकावं. तिथे दुपारी एक व्हिडिओ आला, खाली लिहिलेलं की होळकर पुलाला तडा गेला, पूल केव्हाही पडेल. माझी आत्या सत्तरीच्या पुढची, मुलगा तिचा नेमका नदीच्या पलीकडे अडकलेला, ती पीठ मळता मळता तशीच खाली बसली आणि रडायला लागली, हाताला पीठ तसंच. अर्ध्या तासाने माझ्या भावाने ओळखलं की व्हिडिओ आदल्या मोठ्या पुराचा आहे, २ ऑगस्ट २०१६ चा, कारण त्यात एका दुकानाची जी पाटी दिसत होती ती मध्यंतरी बदलली होती. त्याने तसं लिहिलं पण तोवर तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला होता, आणि ज्यांनी टाकला त्यांनी काढलाही नाही, "आला तसा पाठवला" म्हणाले.

एकाच दिवशी मी दोन्ही बघितलं, कुलूप लावलेला ग्रुप आणि सताड उघडा ग्रुप, आणि दोन्हींनी नुकसान केलं. त्यामुळे मला कोणी विचारलं की नियंत्रण हवं का नको तर मी हवंच म्हणते, पण तोंड बंद करणं म्हणजे नियंत्रण नाही.

आणि नको म्हणणाऱ्यांना मी एवढंच आठवण करून देते की आपल्याच भागात २०१८ साली काय झालं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी भिक्षुकी करायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्याच रात्री आपल्या मालेगावात त्याच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं, पोलिसांनी वाचवलं म्हणून वाचले. अशा अफवा आधीपासून मोबाइलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं करायला घेतलं. पण पाचची मर्यादा कंपनी घालू शकते, ही बातमी खरी आहे का हे आमच्या गल्लीत कंपनीला कुठून कळणार, ते आम्हालाच बघावं लागतं.

कोणीतरी मला २०२१ चा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकालही सांगितला, की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, मग तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस. बरोबर आहे, पोलीस मला धरणार नाहीत. पण माझी आत्या खाली बसली होती ना!

काकांनी त्या पुरानंतर ग्रुप माझ्याकडे दिला. मी पहिलं ते सेटिंग काढलं. मग ठरवलं की पूर, बिबट्या, अपघात असल्या गोष्टी टाकायच्या तर स्वतः काढलेला फोटो हवा आणि वेळ आणि जागा लिहायची. डबल बाण असलेला, म्हणजे बऱ्याच वेळा पुढे गेलेला फॉरवर्ड असेल तर आधी मला पाठवा. माणसाच्या जातीवर, घरातल्यांवर काही नको. नगरसेवकावर, महापालिकेवर, माझ्यावर काय बोलायचं ते बोला, मी हात लावणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणाचा मेसेज काढायला लावला किंवा काढला तर लगेच खाली लिहायचं की अमुक मेसेज काढला, अमुक कारणाने. तेव्हा दुसऱ्याचा मेसेज ॲडमिनला पुसता येत नव्हता, फोन करून विनवण्या कराव्या लागायच्या, २०२२ पासून ती सोय आली. सोय आली तशी भीतीपण वाटते, कारण आता ते फार सोपं झालंय.

कारण माझ्याकडूनही चूक झालीये. एकदा एका वहिनींनी लिहिलं की नळाला गढूळ पाणी येतंय, वास मारतोय, पिऊ नका. आमच्याकडे स्वच्छ येत होतं, मी घाबरवणारा मेसेज समजून उडवला. संध्याकाळी कळलं त्यांच्या बाजूच्या लायनीत खरंच ड्रेनेजचं पाणी मिसळत होतं, दोन घरांत पोरांना जुलाब लागले. काढला असं लिहिलं होतं म्हणूनच त्यांना माझ्याशी भांडता आलं, नाहीतर गुपचूप गायब झाला असता आणि त्यांना वाटलं असतं आपलाच फोन बिघडला. मी ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून खात्री नसेल तर मी उडवत नाही, खाली विचारते, अजून कोणाकडे असं आहे का.

आता गेल्या आठवड्याचं. एका गृहस्थांनी दोन मेसेज टाकले. एक, गटाराच्या अर्धवट कामाचा फोटो, खाली ठेकेदाराला भरपूर शिव्या. दुसरा, समोरच्या बिल्डिंगीत नवीन आलेल्या भाडेकरूंचा, हे चोर दिसतात, लक्ष ठेवा, आणि त्यांच्या मुलीचा जिन्यातला फोटो. पहिला काढ म्हणून मला तिघांचे फोन आले, गल्लीची बदनामी होते म्हणे. तो मी नाही काढला. दुसरा काढला आणि लिहिलं की काहीही पुरावा नसताना कोणाला चोर म्हणायचं नाही आणि मुलीचा फोटो तर अजिबात नाही. ते म्हणाले, एक ठेवायचा एक काढायचा, ही तुझी मनमानी. आणि ग्रुप सोडून गेले.

मी रात्री त्यांच्या घरी गेले. फोनवर नको वाटलं. तासभर बोललो, चहा झाला, भाडेकरूंचं त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही पण मुलीच्या फोटोचं पटलं, त्यांच्या सूनबाईंनीच आतून येऊन सांगितलं की बाबा ते चुकलंच. निघताना विचारलं, परत ॲड करू का. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, कर, उद्या सकाळी गटाराचा अजून एक फोटो टाकायचाय, काम तसंच पडलंय. म्हटलं टाका काका, तारीख मात्र लिहा.