गाणार कोण?

गेल्या महिन्यात भाचीचा तंबोरा जवारी काढायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून त्यांचा झंकार नेमका करून घ्यायला, सांगलीहून मिरजेला नेला होता. सतारमेकर गल्लीत आमचे एक ठरलेले दुकान आहे. तिथल्या कारागिरांनी गवसणी उतरवली, चारही तारा एकदा छेडल्या आणि घोडीला हात लावण्याआधी विचारले, "गाणार कोण?" मी भाचीकडे बोट दाखवले. "पट्टी?" काळी चार. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. "षड्ज लावा बघू एकदा," ते तिला म्हणाले. गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ती जरा संकोचली, पण तिने सूर लावला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला आणि मगच कानस उचलली. "गळा ऐकल्याशिवाय मी घोडी घासत नाही," एवढेच ते म्हणाले. पुढचा तास-दीड तास घोडी घासणे, तारेखालचे सूत केसभर पुढे-मागे सरकवणे आणि पुन्हा तार छेडून पाहणे चालू होते.

त्या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात अमेरिकेतला जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन होता, असे सांगितले तर कुणालाही हसू येईल. पण गेले काही आठवडे मी त्याचेच ऐकत होतो, आणि जॅझ सोडून सिंफनीच्या, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंद-संगीताच्या, दालनात शिरताना त्याच्या संगीताचे नेमके काय होते, हे मला उलगडत नव्हते. कारागिरांच्या प्रश्नाने ते उलगडले. एलिंग्टन लिहायला बसला की त्याचाही पहिला प्रश्न हाच असे.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने १९८८ मध्ये एलिंग्टनचे कागदपत्र मिळवले. त्यांतल्या स्वरलेखनाच्या कागदांवर जिथे 'दुसरा ट्रम्पेट' किंवा 'पहिला सॅक्सोफोन' असे असायला हवे, तिथे बऱ्याचदा माणसाचे नाव किंवा टोपणनाव दिसते. ते स्वाभाविकही होते. हॅरी कार्नी हा बॅरिटोन सॅक्सोफोनवाला १९२७ मध्ये त्याच्याकडे आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन जाईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, त्याच खुर्चीवर बसला. जो नॅन्टन ट्रॉम्बोनच्या तोंडावर रबरी वाटी धरून वाजवत असे. मोरी तुंबली की आपण जी दांड्याची वाटी दाबतो, तिचेच ते रबर. ती उघडझाप करत तो असा आवाज काढी की कुणीतरी दातओठ खाऊन बोलते आहे असे वाटावे. एलिंग्टनचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न म्हणत असे की, हा पियानो वाजवतो खरा, पण त्याचे खरे वाद्य म्हणजे त्याचा वाद्यवृंद. त्यामुळे त्याच्या रचनेतला एखादा स्वर म्हणजे नुसता पंचम नसतो. तो कार्नीचा पंचम असतो.

मोठी रचना लिहिण्याची ओढ त्याला आधीपासून होती आणि तिच्या आड प्रथम आली ती तबकडी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. हे मिरजेच्या माणसाला वेगळे सांगायला नको, कारण अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी आपण सगळे त्याच तीन मिनिटांत ऐकत आलो आहोत. खाँसाहेबांनी आपले गाणे त्या मापात बसवले. एलिंग्टनने माप मोडायचे ठरवले. आई गेल्यानंतर, १९३५ मध्ये, त्याने 'रेमिनिसिंग इन टेम्पो' ही रचना केली आणि ती तबकडीच्या तब्बल चार बाजूंवर पसरली. नाचायला आलेल्या माणसाला मध्येच उठून तबकडी उलटावी लागणार, हे त्याला कळत नव्हते असे नाही.

मग २३ जानेवारी १९४३ चा दिवस आला. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, युद्धकाळात रशियाच्या मदतनिधीसाठी झालेल्या कार्यक्रमात, एलिंग्टनने आपल्या वाद्यवृंदाकडून 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' ही पाऊण तासाच्या आसपासची रचना सादर केली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास तीन भागांत सांगणारी ही रचना आहे. पहिल्या भागात श्रमगीत आहे. त्याच्या आरंभीच टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, जड ठोके पडतात आणि पुढे नॅन्टनचा ट्रॉम्बोन कण्हत-गुरगुरत बोलू लागतो. त्यानंतर 'कम संडे' हा तुकडा येतो. चर्चच्या आत जायला मज्जाव असलेली माणसे बाहेरून प्रार्थना ऐकत आहेत, असा त्यामागचा भाव. जॉनी हॉजेस तो अल्टो सॅक्सोफोनवर इतक्या सावकाश, एका स्वरातून दुसऱ्या स्वरात असा ओघळत नेतो की, त्या वाद्याला मींड येते की नाही हा वाद तिथेच मिटावा. आमच्याकडे एखादा बुजुर्ग राग पिलू आळवताना श्रोते जसे श्वास धरून बसतात, तसे मी हे ऐकताना दर वेळी बसतो.

दुसऱ्या दिवसापासून टीका सुरू झाली आणि ती दोन्हीकडून झाली. स्वतः संगीतकार असलेल्या पॉल बोल्स या समीक्षकाला रचनेत आकारच दिसला नाही. जॅझची कलासंगीताशी सांगड घालण्याच्या प्रयत्नांना उत्तेजनच देऊ नये, असे त्याने लिहिले. उलट जॉन हॅमंडसारखा जॅझचा कैवारी विचारत होता की, ड्यूक आता जॅझ सोडून चालला की काय. सासरी पाहुणी आणि माहेरी परकी, अशी त्या रचनेची गत झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बॉस्टनला ती वाजली खरी. पण लवकरच एलिंग्टनने ती पूर्ण रूपात वाजवणे सोडून दिले आणि तुकडे तेवढे ठेवले. १९५८ मध्ये महालिया जॅक्सन हिने 'कम संडे' शब्दांसह गायले. कार्नेगी हॉलच्या त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण बाजारात यायला मात्र १९७७ साल उजाडले. तोवर एलिंग्टनला जाऊन तीन वर्षे झाली होती.

माझे मत असे की, बोल्सने चुकीचा गज लावला. सिंफनीत एखादी कल्पना फुटते, उलटते, वेगवेगळ्या स्वरांत फिरून परत घरी येते. तसे इथे होत नाही, हे खरे. तिसरा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो, हेही खरे आणि ते मी झाकणार नाही. पण या रचनेत माणसे एकामागून एक पुढे येऊन आपापल्या गळ्याने साक्ष देतात, आणि तिचा आकार त्या साक्षींच्या क्रमात आहे. कीर्तन ऐकून आलेल्या माणसाने 'यात नाटकासारखे अंक नव्हते' अशी तक्रार करावी, त्यातला हा प्रकार झाला.

खरा पेच पुढे आला तो 'हार्लेम' मध्ये. विख्यात संचालक तोस्कानिनी याच्या एनबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी एलिंग्टनने ही रचना १९५० मध्ये, युरोपातून बोटीने परतताना लिहिली; तोस्कानिनीने ती कधीच वाजवली नाही. सिंफनीच्या ताफ्यासाठी तिची वाद्ययोजना लूथर हेंडरसन याने केली. आरंभी एकटा ट्रम्पेट दोनच स्वर वाजवतो, वरून खाली, आणि ते दोन स्वर म्हणजे 'हार्‌-लेम' हा शब्द आहे. मी पेटी काढून बसलो. अंतर सोपे आहे: कोमल गंधारावरून षड्जावर. पेटीवर गंधार दाबला, षड्ज दाबला. स्वर अगदी बरोबर आले आणि शब्द काही उमटला नाही. ट्रम्पेटवाला भोंग्यावर रबरी वाटी धरून ती नेमक्या क्षणी उघडतो, म्हणून तो शब्द उमटतो. स्वरलेखनात त्यासाठी खुणा आहेत: वाटी झाकायची असेल तर अधिकचे चिन्ह आणि उघडायची असेल तर शून्य. भातखंड्यांच्या लिपीत मींडेसाठी स्वरांच्या डोक्यावर कमान असते, त्याच जातीच्या या खुणा. कमान पाहून मींड घेता येते. ती कोणाच्या मुलखातली मींड आहे, हे कमान सांगत नाही. उत्तम शिकलेला सिंफनीतला ट्रम्पेटवाला त्या खुणा तंतोतंत पाळतो आणि तरी कधीकधी शब्द परभाषेत उच्चारल्यासारखा येतो.

कागद आणि वादक यांचा व्यवहार उलट दिशेनेही होतो. अमेरिकन संगीतकार गर्श्विन याच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' च्या सुरुवातीला क्लॅरिनेट खालून वर जो लांबलचक घसरत जातो, तो १९२४ मध्ये रॉस गॉर्मन या वादकाने तालमीत गमतीने केलेला प्रकार. गर्श्विनने सुटे सुटे स्वर लिहिले होते. त्याला ही गंमत आवडली आणि त्याने ती ठेवली. आज जगभरचे क्लॅरिनेटवाले गॉर्मनची थट्टा गंभीर चेहऱ्याने गिरवतात.

आपल्याकडे हे घडलेले आहे. सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांचे 'स्वयंवर' १९१६ मध्ये रंगभूमीवर आले, पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी, आणि गळा बालगंधर्वांचा होता. चाली बंदिशींच्या घराण्यातल्या, पण त्यांतली एकेक जागा त्या एका गळ्याच्या अंदाजाने बेतलेली. 'नाथ हा माझा' हा यमन पुढे किती जणांनी गायला याला गणती नाही, आणि तो प्रत्येकाने आपल्या गळ्याने गायला म्हणूनच टिकला. बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल करणारे आले तसे गेले. यावरून मला वाटते की, एलिंग्टनच्या रचनांना सिंफनीत जागा मिळायला हरकत नाही. मात्र तिथल्या वादकाने नॅन्टन किंवा हॉजेस होण्याच्या फंदात पडू नये.

एलिंग्टनने स्वतः काढलेला मार्ग जास्त व्यवहारी होता. १९५५ च्या 'नाइट क्रीचर' मध्ये त्याने आपला अख्खा वाद्यवृंदच सिंफनीच्या मधोमध बसवला. अशा रचनांचे पॅरिस, हॅम्बर्ग, स्टॉकहोम, मिलान इथल्या वाद्यवृंदांबरोबर केलेले ध्वनिमुद्रण १९६३ चे. त्याच वर्षी तो दौऱ्यावर भारतातही आला होता आणि दिल्लीत ऐकलेल्या मैनेची शीळ नंतर त्याच्या एका रचनेत क्लॅरिनेटवर आली. १९६० मध्ये त्याने आणि स्ट्रेहॉर्नने चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' या बॅलेचे संगीत आपल्या वाद्यवृंदासाठी बांधले, तेव्हा चेलेस्टा या पट्ट्यांच्या वाद्याच्या काचेसारख्या किणकिणीची नाजूक चाल त्यांनी टेनर सॅक्सोफोनच्या घोगऱ्या, आळसावलेल्या आवाजात दिली. तिथेही प्रश्न तोच होता.

तंबोरा घरी आणला त्या रात्री भाची रियाजाला बसली. जवारी सुरेख बोलत होती. मी तिला मोबाइलवर 'हार्लेम' चे एका मोठ्या सिंफनीने केलेले मुद्रण लावून दिले आणि पहिले दोन स्वर गाऊन बघ म्हणालो. तिने तंबोरा थांबवला, तीन-चार वेळा ऐकले, गंधारावर किंचित रेंगाळून खाली आली आणि मान हलवली. "नाही मामा, हा माझ्यासारखा नाही येणार. तो खाली यायच्या आधीच तोंड मिटतो." मग तिने विचारले, "हे वाजवतंय कोण?"

मी चष्मा लावून मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. वाद्यवृंदाचे नाव होते, संचालकाचे होते, एलिंग्टनचे तर होतेच. ट्रम्पेटवाल्याचे नव्हते.