दार केवढं?

१९९९ सालची गोष्ट. रात्रीचे पावणेदोन वाजलेले. मुंबईच्या सहार विमानतळावरच्या कार्गो शेडमध्ये एक लाकडी पेटी आणि तिच्याभोवती कमरेवर हात ठेवून उभे असलेले आम्ही सात जण. पेटी चाकणहून ट्रकने आलेली, आत कुठलंसं मशीन. लांबी साडेनऊ मीटर. कागदावर उंची २४०. टेपवर २५१.

अकरा सेंटीमीटरसाठी एवढा घोळ? घरी सांगितलं तर आजही हसतात. पण बोइंग ७४७ फ्रेटरच्या, म्हणजे मालवाहू विमानाच्या, मेन डेकवर (मुख्य मजल्यावर) माल चढवायला दोनच वाटा. एक कुशीतलं दार. ते तीन मीटर उंच, पण रुंदी साधारण ३.४ मीटर, त्यातून साडेनऊ मीटरची पेटी आत वळवायची कशी? चाळीच्या जिन्यातून पलंग चढवलाय कधी? तसंच. दुसरी वाट नाकातून. ७४७ चं नाक वर उचललं जातं आणि समोरून सरळ पोटात रस्ता जातो, लांब माल तिथूनच सरकवायचा. पण नाकाच्या वर कॉकपिट बसलेलं, त्यामुळे तिथे उंची कमी. आमचा नियम २४४ सेंटीमीटरचा. त्यावर एक बोटही नाही.

पॅकिंगवाल्याने पेटी झाकणापर्यंत मोजली होती. झाकणावर ठोकलेल्या रिपा मोजल्याच नव्हत्या. पहाटे तीनला मरोळहून सुतारकाकांना झोपेतून उठवून आणलं. कस्टमच्या माणसासमोर, पेटी न उघडता, काकांनी वर चढून एकेक रीप उपटून काढली. २४२! विमान दोन तास चाळीस मिनिटं उशिरा गेलं, आणि दुसऱ्या दिवशी स्पष्टीकरण मलाच लिहायला लागलं, कारण लोड शीटवर सही माझी.

तेव्हापासून कुणी 'जगातलं सगळ्यात मोठं विमान कोणतं गं?' असं विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला: तुला आत काय घालायचंय?

सत्तावीस वर्षं मी लोड कंट्रोलमध्ये काढली. लोकांना वाटतं विमानतळावर नोकरी म्हणजे रोज विमानात बसणं. मी विमानात बसले ते मोजून चौदा वेळा. माझं काम विमानात काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने बसेल ते ठरवण्याचं. सुरुवातीला ट्रिम शीट, म्हणजे विमानाचा तोल मांडायचा कागद, हाताने भरायचो, पट्टी आणि पेन्सिल घेऊन, नंतर कॉम्प्युटर आला. पण विमान तेच राहिलं आणि वजनाचा स्वभावही तोच. चाकांच्या मागे भार जास्त झाला की विमान शेपटीवर बसतं. विनोद नाही, खरंच बसतं. म्हणून भरताना पुढून भरायचं, उतरवताना मागून उतरवायचं, शेपटीखाली टेल स्टँड लावायचा, नाहीतर नाकाला पट्टे बांधून ठेवायचे. नवीन पोरांना मी सांगायचे, दोन बाजूंना हंडे लावलेली कावड डोळ्यांसमोर आणा. एक हंडा आधी उतरवलात की दुसरा तुमच्या पायावर.

तर मोठी विमानं. 'सर्वांत मोठं' या शब्दावर भांडणं लागतात, कारण जो तो वेगळं काहीतरी मोजत असतो. पंख मोजले तर आज अमेरिकेतल्या स्ट्रॅटोलाँचचा नंबर पहिला: ११७ मीटर. १३ एप्रिल २०१९ ला पहिल्यांदा उडालं. दोन धडं, सहा इंजिनं, आणि ती इंजिनं जुन्या ७४७ मधून काढलेली. पण ते माल पोटात घेतच नाही, मधल्या पंखाखाली टांगून नेतं. माझ्या वहीत शून्य. त्याआधी हॉवर्ड ह्यूजची लाकडी उडती नाव, ९७.५ मीटर पंखांची. २ नोव्हेंबर १९४७ ला पाण्यावरून जेमतेम दीड किलोमीटर उडाली आणि पुन्हा कधीच नाही. आता ऑरेगनमधल्या संग्रहालयात आहे.

माणसं मोजली तर एअरबसचं ए३८०. दोन पूर्ण मजले, ८५३ माणसांपर्यंतची परवानगी. पंख ७९.७५ मीटर, कारण विमानतळांच्या आखणीतली मर्यादा ८० मीटरची आणि त्यांनी ती अगदी काठापर्यंत वापरली. २०१४ साली ते मुंबईत नियमित यायला लागलं तेव्हा आमच्या ऑफिसातले लोक खिडकीशी गर्दी करायचे. मीही केली, खोटं कशाला बोलू. उतरताना ते इतकं सावकाश खाली येतं की पडेल असं वाटतं.

पण लोड कंट्रोलवाल्याला विचाराल तर ए३८० म्हणजे मोठ्या बंगल्यातलं छोटं कोठीघर. वर दोन मजले माणसं, खाली एकच पोट, आणि त्या माणसांच्या बॅगांनीच ते निम्मंअधिक भरतं. त्यात गल्फच्या फ्लाइटचे प्रवासी! बॅगा देऊन झाल्यावर मालासाठी जी जागा उरते, ती त्याहून लहान असलेल्या ७७७-३००ईआरमध्ये जास्त मिळते. बेलीतल्या, म्हणजे विमानाच्या पोटातल्या, पॅलेटची उंचीही तीच, १६० सेंटीमीटर. विमान दुमजली झालं म्हणून तळघर उंच होत नाही. ए३८० ची मालवाहू आवृत्तीही निघणार होती. फेडेक्स आणि यूपीएसने ऑर्डरी दिल्या आणि २००६-०७ मध्ये रद्द केल्या. नाक उघडणारं दार नव्हतं आणि वरच्या मजल्याला माल पोचवायला जमिनीपासून साधारण आठ मीटर उंच जाणारा हाय-लोडर हवा होता. एअरलाइन्सना एकूण २५१ विमानं दिली आणि डिसेंबर २०२१ ला शेवटचं एमिरेट्सला देऊन उत्पादन बंद. मला वाईट वाटलं का? थोडं. प्रवाशांना फार आवडायचं ते.

७४७ ची गोष्ट उलटी. साठच्या दशकात बोइंगला वाटत होतं की पुढे माणसं आवाजापेक्षा वेगवान विमानांतूनच फिरतील आणि हे मोठं विमान शेवटी मालवाहतुकीला लागेल. म्हणून कॉकपिट वर उचललं, नाक उघडता यावं यासाठी. तो प्रसिद्ध कुबड म्हणजे दारासाठी केलेली सोय! वरचा बार, गोल जिना, फर्स्ट क्लासचा थाट, सगळं नंतरचं. आणि ज्या कुबडामुळे दार मिळालं त्यानेच दाराची उंची खाल्ली. माझी चाकणची पेटी त्या हिशेबात अडकली होती. एकूण १,५७४ विमानं बनली, शेवटचं जानेवारी २०२३ अखेर ॲटलस एअरला दिलं. एअर इंडियाचं शेवटचं ७४७, 'आग्रा', २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं. उड्डाण झाल्यावर पायलटने पंख डावी-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. मी तो व्हिडिओ स्वयंपाकघरात पाहिला आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरले.

लष्करी विमानांचं गणित वेगळं, आणि मला विचाराल तर जास्त शहाणपणाचं. ७४७ चा मेन डेक जमिनीपासून जवळजवळ पाच मीटर वर. हाय-लोडर नसेल तर ते विमान म्हणजे शिडी नसलेला माळा. लष्कराला हे चालत नाही. रणगाडा उतरवायचा तिथे हाय-लोडर कुठून आणणार? म्हणून त्यांचे पंख धडाच्या माथ्यावर, इंजिनं उंच, पोट जमिनीलगत आणि चाकं भरपूर, म्हणजे वजन वाटून जातं. अमेरिकेचं सी-५ गॅलक्सी १९६८ ला उडालं. २८ चाकं, पुढून-मागून दोन्हीकडून उघडतं, एका बाजूने गाडी आत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढता येते. आणि भरताना ते गुडघे टेकतं. उंट बसतो तसं. आपल्या हवाई दलाकडे ११ सी-१७ आहेत, हिंडनला. २०१३ पासून यायला लागली. एका वेळी सुमारे ७७ टन.

पण मी हात लावून पाहिलेलं सगळ्यात मोठं विमान अँटोनोव्ह १२४. रुस्लान. मुंबईला ते अधूनमधून यायचं. २००७ च्या मे अखेरीस आमच्याकडे तेल काढण्याच्या कामाचं एक अवजड धूड न्यायला आलं. पावसाची पहिली सर नुकतीच पडून गेलेली, ॲप्रनवरून, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवरून, वाफ येत होती. नाक वर गेलं, पुढची चाकं दुमडली, दोन जाड पाय खाली आले आणि विमानाने त्यावर पुढचा भार टेकला. मग रॅम्प उलगडला. आमचा हाय-लोडर बाजूला नुसता उभा, पाहुण्यासारखा.

त्यांचा लोडमास्टर, म्हणजे माल चढवण्याचा प्रमुख, युक्रेनचा, पन्नाशीचा, दंडावर जुना भाजल्याचा डाग. इंग्रजी बेताचं. मी माझे कागद पुढे केले: वजन, माप, केंद्र कुठे, सगळं टाइप केलेलं. त्याने ते नीट घडी करून खिशात ठेवले आणि दुसऱ्या खिशातून पिवळी टेप काढली. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी ते धूड सगळ्या बाजूंनी मोजलं. वरचे हुकसुद्धा. नंतर त्याने विमानाच्या तळावर खडूने रेघ मारली आणि बोट ठेवून म्हणाला, सेंटर, हिअर. पोटातच छताला क्रेन, स्वतःचे रूळ, विंच, साखळ्या. एवढं वजन थेट फरशीवर टेकवायचं नसतं, फरशी भोक पडून जाईल. खाली तुळया घालून ते पसरवायचं. सहा तास लागले. मधे मी चहा मागवला. त्याने चार कटिंग घेतले आणि प्रत्येक वेळी रिकामा ग्लास माझ्याकडे परत देताना 'गुड' म्हणाला. चाकणच्या पेटीची गोष्ट मी त्याला हातवाऱ्यांनी सांगितली. रिपांपाशी आले तेव्हा तो इतका हसला की क्रेनवाल्याने काम थांबवून खाली पाहिलं.

२०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या त्या भयंकर दिवसांत, असंच एक १२४ बेलफास्टहून दिल्लीला आलं. प्रत्येकी १८ टनांचे तीन ऑक्सिजन प्लांट आणि हजार व्हेंटिलेटर घेऊन. टीव्हीवर सगळे विमानाच्या आकाराबद्दल बोलत होते. मी रॅम्प बघत होते.

आणि मग म्रिया. अँटोनोव्ह २२५. नावाचा अर्थ स्वप्न. रुस्लानचंच वाढवलेलं भावंड: चाराची सहा इंजिनं, २४ ची ३२ चाकं, ८८.४ मीटर पंख, ६४० टनांपर्यंत वजन घेऊन उठणारं. सोव्हिएत अवकाशयान बुरान पाठीवर वाहून नेण्यासाठी केलेलं, म्हणून शेपूट दोन बाजूंना फुटलेली, मधे बुरानमुळे हवा विस्कटायची. मागचा रॅम्प वजन वाचवण्यासाठी काढून टाकलेला, म्हणजे माल आत-बाहेर फक्त नाकातून. २१ डिसेंबर १९८८ ला उडालं, सोव्हिएत संघ मोडल्यावर १९९४ पासून उभंच राहिलं, त्याची इंजिनं काढून रुस्लानांना वापरली, आणि २००१ ला पुन्हा उडवलं. २००९ साली त्याने जर्मनीहून आर्मेनियाला वीजकेंद्राचा एकच जनरेटर नेला, चौकटीसकट १८९ टन ९८० किलोचा. एकच नग! आमच्या ७४७ फ्रेटरच्या अख्ख्या पोटात सगळं मिळून एवढं मावत नाही.

त्याचं पोट ४३.३५ मीटर लांब, ६.४ रुंद, ४.४ उंच. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण ३६.५ मीटरचं, म्हणजे ते या पोटातल्या पोटात उडून उतरले असते. हे उदाहरण सगळेच देतात. मी माझ्या पद्धतीने हिशेब केला: एसटीचा लाल डबा १२ मीटरचा धरा. दोन रांगा, प्रत्येकीत तीन. सहा एसट्या, आणि तरी पुढे सात मीटर मोकळे, ड्रायव्हर-कंडक्टरांना डबा खायला.

असं एकच विमान होतं. दुसऱ्याचं धड कीव्हच्या कारखान्यात अर्धवट पडून राहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हजवळच्या होस्तोमेलच्या विमानतळावर रशियन हल्ल्यात ते एकमेव म्रिया जळालं. हँगरचं छप्पर वाकलेलं आणि खाली ते, नाक उडालेलं. बातमीतला तो फोटो पाहिला तेव्हा मला आधी त्या लोडमास्टरची पिवळी टेप आठवली. तो कुठे असेल कुणास ठाऊक.

मी म्रिया कधीच पाहिलं नाही. मे २०१६ मध्ये प्रागहून पर्थला एक मोठा जनरेटर नेताना ते हैदराबादला उतरलं होतं. तिथे बदली झालेला आमचा एक जुना सहकारी रात्री ॲप्रनवर होता. त्याने फोन केला, ये म्हणाला, तिकीट काढ आणि ये. माझी दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट, मुलाचा क्लास, सासूबाईंची डॉक्टरची वेळ. पुढच्या वेळी बघू म्हटलं.

त्याने मग फोटो पाठवला. अजून आहे माझ्याकडे. त्यात विमान मावलेलंच नाही. एका बाजूची तीन इंजिनं, चाकांची रांग, आणि कोपऱ्यात पिवळं जॅकेट घातलेला तो, चाकाला हात लावून. मी उत्तर लिहिलं होतं, 'आत उंची किती?'

पाच मिनिटांनी आलं: '४.४. तुझी पेटी रिपांसकट गेली असती.'