आतड्याचं चिकट कवच आणि ब्युटिरेट

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर म्यूकसचे, म्हणजे चिकट स्रावाचे, दोन थर असतात. बाहेरचा सैल, जिवाणूंनी भरलेला. आतला घट्ट आणि निरोगी आतड्यात जवळजवळ जिवाणूविरहित. दोन्ही अस्तरातल्या गॉब्लेट (म्यूकस बनवणाऱ्या) पेशींनी स्रवलेल्या म्यूसिन-2 या प्रथिनाचे.

न पचलेला फायबर इथे जिवाणूंमुळे आंबतो आणि अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्लं साधारण 60:20:20 प्रमाणात तयार होतात. त्यातलं मोलाचं ब्युटिरेट. अस्तराच्या पेशींची सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातून येते. ते जाळताना पेशी ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो फारसा झिरपत नाही आणि ऑक्सिजनवर फोफावणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो. म्यूसिनचं उत्पादनही ब्युटिरेट वाढवतं. मात्र प्रयोगशाळेतल्या पेशींना ते फार जास्त दिलं की परिणाम उलटतो.

फायबर कमी पडला की काही जिवाणू म्यूकसमधल्या साखरांवरच ताव मारतात. फायबरविना ठेवलेल्या उंदरांमध्ये हा थर पातळ झालेला दिसला आहे.

इसबगोलाने पोट साफ होतं, पण ते फारसं आंबत नाही, म्हणून ब्युटिरेट बेताचंच. त्यासाठी चवळी, सालीसकट मूग, कच्ची केळी, शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा हवा. फायबर आठवड्याला साधारण 5 ग्रॅमनेच वाढवा, सोबत पाणीही. एकदम वाढवला तर गॅस धरतो आणि लोक दोन दिवसांत सोडून देतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज व जखमा होण्याचा आजार) उसळलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.