लाटमापक: तीन सेकंदांखालच्या लाटांचा घोळ

पाण्याखालच्या दाबावरून लाटांची उंची काढणाऱ्या लाटमापकाच्या नळीतल्या तेलात अडकलेला बुडबुडा निघून गेला. घड्याळ डीएस३२३१ या अचूक वेळेच्या चिपवर नेल्यापासून वेळही सरकत नाही. ४ हर्ट्झने ४०९६ नमुने, म्हणजे १७ मिनिटांचा बर्स्ट (सलग नोंदीचा तुकडा), एकही नमुना न गळता मिळतोय. एवढं जमलं, पण एचएम-शून्य (लाटांच्या एकूण ऊर्जेवरून काढलेली उंची) अजून हास्यास्पद आहे. वारा पूर्ण पडलेल्या, निवांत पाण्याच्या नोंदीतही तो लाटा दाखवतो.

घोळ दाबाच्या दुरुस्तीत आहे, म्हणजे तळाशी क्षीण होऊन पोचलेला दाब गुणून पृष्ठभागावरची उंची काढण्यात. खोली ५ मीटर, सेन्सर तळाशी. ८ सेकंदांच्या (दोन शिखरांमधला वेळ) लाटेचा ८५ टक्के दाब खाली पोचतो, ३ सेकंदांच्या लाटेचा जेमतेम २० टक्के, आणि २ सेकंदांच्या लाटेचा ७६ वा हिस्सा. म्हणजे तिथे गुणक ७६, ऊर्जेत त्याचा वर्ग. १ सेकंदाला गुणक सुमारे २७ कोटी! एमएस५८३७-३०बीए या दाब-सेन्सरची पायरीच, म्हणजे ओळखता येणारा सर्वात छोटा फरक, २ मिलिमीटर पाण्याची. त्यातला नॉईज इतका फुगवल्यावर दुसरं काय होणार? ०.३५ हर्ट्झच्या पुढे उतरायला हवी ती स्पेक्ट्रमची (कुठल्या वारंवारतेला किती ऊर्जा, त्या आलेखाची) शेपटी वर चढते, ही त्याची खूण.

सध्याचा तोडगा: ०.३३ हर्ट्झला काप, पुढे एफ-उणे-४ उताराची (वारंवारतेच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरणारी) शेपटी जोडायची. तिचं क्षेत्रफळ म्हणजे कापाच्या जागची ऊर्जेची घनता गुणिले वारंवारता, भागिले ३. आकडा ताळ्यावर येतो, पण आखूड लाटा मोजलेल्या नसतात, गृहीत धरलेल्या असतात.

खरं तर उथळ पाण्यात ३०बीए घेण्यात अर्थच नाही; ३०० मीटरची क्षमता इथे कोणाला हवी आहे? त्याच मालिकेतला ०२बीए सुमारे १० मीटरपर्यंत चालतो आणि ०.१६ मिलिमीटर ओळखतो. दोघांचं दाब काढायचं सूत्र मात्र वेगळं आहे. सेन्सर वाचणाऱ्या कोडच्या लायब्ररीत मॉडेल बदललं नाही तर दाब भलताच येतो.

हे लिहिता लिहिता सुचलं: सेन्सर तळाशीच का ठेवायचा? खांबावर तळापासून ३.५ मीटर उंचीला बांधला तर २ सेकंदांच्या लाटेचा २२ टक्के दाब मिळेल. पूर्ण ओहोटीला लाटेच्या खळग्यातही तो बुडलेला राहायला हवा, आणि गुणक प्रत्येक बर्स्टच्या सरासरी खोलीवरून काढायचा. म्हणजे ०२बीए ची खरेदी थांबवून आधी खांब.

वर पाण्याचा वेग जास्त, ही नवी अडचण. सेकंदाला १ मीटर प्रवाह थेट सेन्सरच्या तोंडावर आदळला तर ५ सेंटिमीटरची खोटी उंची दिसते. तोंड खाली वळवून त्यावर बारीक भोकांची टोपी बसवायची. भोकं किती मिलिमीटरची ठेवावीत, शेवाळाने बुजू नयेत म्हणून? कोणी लावून पाहिली असेल तर सांगा.